फ्लेक्सवाल्याकडे जाण्याआधी: पोस्टर आणि गोषवाऱ्यातल्या या चुका टाळा

आमच्याकडे आविष्कार या विद्यापीठीय संशोधन स्पर्धेची किंवा कॉलेजातल्या परिसंवादाची तारीख लागली की मुलं आधी डिझाइनच्या मागे लागतात. गोषवारा आदल्या रात्री, तोही प्रकल्प अहवालाच्या प्रस्तावनेतून उचललेला. पहिलं वाक्य ठरलेलं: 'महाराष्ट्राला लांबलचक समुद्रकिनारा लाभला आहे.' अडीचशे शब्दांची मर्यादा असताना साठ शब्द किनाऱ्याच्या कौतुकात जातात आणि शेवटी लिहिलेलं असतं, 'निष्कर्षांवर चर्चा करण्यात आली आहे.' अहो, मग ते निष्कर्ष सांगा ना!

खाडीतल्या तिसऱ्यांवर, म्हणजे शिंपल्यांवर, काम करणाऱ्या एका मुलीचा गोषवारा असाच होता. तिला म्हटलं, घरी आईला काय सांगितलंस ते लिही. तिनं लिहिलं: 'खाडीच्या मुखापासून आत जावं तशा तिसऱ्या कमी होत गेल्या, चौथ्या ठिकाणी एकही मिळाली नाही.' झालं! हे वाक्य गोषवाऱ्यात आलं आणि पोस्टरवरही तेच सगळ्यात मोठ्या अक्षरांत गेलं. परीक्षक एका पोस्टरपुढे दोन-तीन मिनिटंच थांबतो. तेवढ्या वेळात त्याच्या हाती हे लागलं पाहिजे.

आता आपल्या किनाऱ्यावरची खास चूक. नमुने कधी घेतले हे 'सकाळी ९ वाजता' असं लिहितात. पण भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज नऊला ओहोटी असेल, तर आठवड्यानं नऊच्या सुमारास भरती. मग क्षारता वाढली ती ऋतूमुळे की भरतीच्या पाण्यामुळे? उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) घेतलेला नमुना आणि भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला) घेतलेला नमुना एकाच सरासरीत घातला, तर आलेख कितीही सुंदर काढा, मासे पकडणारा कुणीही बाप्या तो दोन वाक्यांत मोडीत काढेल. तारखेसोबत तिथी आणि भरती-ओहोटीची अवस्था लिहा. आधीच चूक झाली असेल तर आकडे पुसू नका. तिथ्या काढून नमुन्यांचे गट पाडा आणि मर्यादा म्हणून ते पोस्टरवर स्पष्ट लिहा.

टक्केवारीचंही तसंच. आठ झाडांपैकी पाच झाडांच्या आंब्यांत साका (गराचा पांढरट, स्पंजासारखा भाग) निघाला, तर '६२.५ टक्के' लिहून काय मिळतं? 'आठपैकी पाच' लिहा. दशांश चिन्हामुळे काम मोठं होत नाही. त्रिमितीय पाय चार्ट तर काढूच नका.

फोटो फुटतात ते व्हॉट्सअ‍ॅपमुळे. साधा पाठवलेला फोटो ते दाबून लहान करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर मूळ फाइल पेनड्राइव्हवर न्या. हिशोब सोपा आहे: पोस्टरवर दहा इंच रुंद फोटो हवा असेल तर १५० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला १५० ठिपके) १५०० पिक्सेल लागतात. फाइलचा आकार सुरुवातीलाच ठेवा. ए झिरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. ए फोरवर सगळं मांडून नंतर ताणलं की फोटो बरबाद.

मराठीची गंमत वेगळीच. माझ्या एमएस्सीच्या वेळी फाइल वाढदिवसाचे बॅनर छापणाऱ्याकडे दिली. त्यानं ती कोरलड्रॉमध्ये उघडली आणि 'निष्कर्ष'चा रफार उडाला, वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या. रात्री साडेनऊला दुकानात उभं राहून एकेक शब्द दुरुस्त केला. म्हणून फॉन्ट आत बसवलेली पीडीएफच द्या आणि मोठ्या छपाईआधी त्याच दुकानातून ए थ्रीवर एक प्रिंट काढून घ्या. दोन मीटरवरून मथळे वाचता येतील का, याचा अंदाजही त्यावरच येतो. तिवर, चिपी ही खारफुटीची स्थानिक नावं हवीतच, पण सोबत शास्त्रीय नावही तिरप्या अक्षरात असू द्या. एकच झाड दर गावात वेगळ्या नावानं ओळखलं जातं.

पोस्टर घडी घालून एसटीत नेऊ नका. छापील बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. बोर्डावर लावल्यावर कडा पुढे न येता मागे टेकतात. डबा नसेल तर नळजोडणीच्या कामातून उरलेला चार इंची पीव्हीसी पाइप चालतो, दोन्ही तोंडांना प्लास्टिक बांधून. चिकटपट्टी मात्र आपली न्या, आयोजकांची दुपारपर्यंत संपते.