अभ्यासरजेचा अर्ज दोनदा परत आला तेव्हा
कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत मी शिकवते. पीएच.डी.चा प्रबंध पुरा करायला वर्षभर रजा हवी होती. अर्ज दोनदा परत आला, शेरा एकच: रजेचा हिशोब जुळत नाही. शेवटी सेवा पुस्तकच उघडून बसले. अर्धपगारी रजा वर्षाला २० दिवस, जानेवारी आणि जुलैत १०-१० अशी जमा होते. माझ्या तीन वर्षांच्या नोंदीच नव्हत्या. ६० दिवस गायब! बदलीत राहून गेलेलं. (बदली झालेल्यांनी हे आधी बघा.) हेडमास्तरांनी जुन्या शाळेचे हजेरीपट मागवून नोंदी करून घेतल्या. तिसरा अर्ज कन्नडमध्ये लिहिला. शेजारच्या शाळेतल्या अक्कांनी तो शब्दन् शब्द तपासला, त्यांचे उपकार विसरणार नाही. सोबत विद्यापीठाचं पत्र जोडलं. यावेळी मंजुरी आली.