‘पॉवर’ला शक्ती म्हणायच्या आधी

बचत गटांच्या प्रशिक्षणाची पहिली पुस्तिका मराठीत केली तेव्हा ‘पॉवर विदिन’ला मी ‘आंतरिक शक्ती’ लिहून मोकळी झाले. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एका पाड्यावर ती वाचून दाखवली. ‘तुमच्यातली शक्ती जागी होते तेव्हा काय होतं?’ असा त्यात प्रश्न होता. मागे बसलेल्या आजी म्हणाल्या, ‘काय व्हायचं? अंगात येतं. केस सोडून घुमायचं.’ बाया पदर तोंडाला लावून हसल्या. शक्ती म्हणजे आपल्याकडे आधी देवी, हे शब्दकोश समोर असताना आठवतच नाही.

तेव्हापासून कोश उघडायच्या आधी वाक्याला विचारते: इथे कोण कोणाला काय करायला लावतंय, आणि कशाच्या जोरावर? खुर्चीच्या जोरावर असेल तर सत्ता किंवा अधिकार. नेमून दिलेल्या हद्दीपुरतं असेल तर अखत्यार. ओळखीपाळखीवर चालत असेल तर वट, भीतीवर चालत असेल तर वचक. सही करून दुसऱ्याच्या हाती दिलं असेल तर मुखत्यारपत्र. (अखत्यार आणि मुखत्यार एकाच अरबी मुळातून आलेत, म्हणून दोन्ही कचेरीत शोभतात.) चष्म्याचा नंबर, गणितातला घात, गेलेली लाइट यांना डोकं लावावं लागत नाही.

खरी मेहनत पुढे आहे. इंग्रजीत नाम असलं की आपणही नामच शोधत बसतो. ‘घरगुती निर्णयांमध्ये तिच्याकडे शक्ती नसते’ हे माझ्याच पहिल्या मसुद्यातलं वाक्य. असं कोण बोलतं? ‘घरात तिचं काही चालत नाही.’ झालं. ‘चालणे’ हे क्रियापद मराठीतली निम्मी पॉवर एकटं वाहून नेतं. ‘एम्पॉवरमेंट’चंही तसंच. सबलीकरण म्हटलं की समोरची आधी अबला ठरते, सक्षमीकरण म्हटलं की तिला सक्षम करणारा कुणी साहेब लागतो. शीर्षकात सरकारी शब्द ठेवते, कारण कागदपत्रांत तोच असतो. आत मात्र ‘गटाचा हिशेब आता स्वतः लिहितात’ असं लिहिते.

मग येतो अशा पुस्तिकांमधला तो चौकोनी तक्ता, पॉवरचे चार प्रकार सांगणारा: पॉवर ओव्हर, विथ, टू, विदिन. यातल्या ‘ओव्हर’ आणि ‘विथ’मधला फरक व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या मेरी पार्कर फॉलेट यांनी १९२० च्या दशकात अमेरिकेत मांडला. पुढे विकासाच्या अभ्यासक जो रोलंड्स यांनी १९९७ मध्ये स्त्रियांच्या संदर्भात चारही एकत्र उलगडून दाखवल्या. शब्द एकच आणि अव्यय बदलतं, ही त्यातली गंमत. मराठीत चार वेगळे शब्द घातले तर ती गंमतच जाते. बऱ्याच खटपटीनंतर मला ‘बळ’ सापडलं: दुसऱ्यावर चालणारं बळ, एकीचं बळ, हातातलं बळ, मनातलं बळ. पहिल्याला ‘बळजोरी’ करायचा मोह झाला होता. पण सासूच्या एका नजरेनं चहाचा कप परत जागेवर जातो, त्यात जोर कुठे असतो?

‘मोटिव्हेशन’साठी हात आपोआप ‘प्रेरणा’कडे जातो. तो आवरावा. मराठी विश्वकोशात भौतिकीच्या लेखांत ‘फोर्स’लाच प्रेरणा म्हटलेलं आढळतं, म्हणजे बाहेरून ढकलणारी. भाषणांत ती हार घातलेल्या तसबिरीतून मिळते. माणसाला आतून हलवणाऱ्या गोष्टींना आपल्याकडे वेगळी नावं आहेत. चार दिवस टिकणारा तो हुरूप, डिवचल्यावर चढतो तो चेव, अडचणीतून येते ती जिद्द, शेजारणीचं बघून येते ती ईर्षा. हिंदी मसुद्यावरून काम करत असाल तर इथे जपा, तिकडे ईर्ष्या म्हणजे निव्वळ जळफळाट. उमेद हा शब्द मला सगळ्यांत आवडतो. राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाला तेच नाव दिलं, तेव्हा कुणीतरी कोश बाजूला ठेवला असावा. गुन्ह्यामागे असतो तो हेतू, आणि गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंच्या ‘इन्सेन्टिव्ह’ला मोबदला म्हणा, त्या स्वतः तेच म्हणतात.

मसुदा झाला की मी तो गटाच्या एखाद्या ताईंना फोनवर वाचून दाखवते. ‘म्हणजे?’ असं आलं की त्या शब्दाखाली रेघ. इंग्रजी शब्द मोजून पैसे मिळतात, त्यामुळे यातला अर्धा तास फुकटचा जातो, पण जाऊ द्यावा. एकदा प्रश्नावलीत ‘तुमची प्रेरणा कोण?’ असं ठेवलं होतं. ताई लगेच म्हणाल्या, ‘सावित्रीबाई फुले.’ शाळेतलं पाठ उत्तर. मी प्रश्न बदलला: ‘एवढी धडपड कशासाठी करता?’ पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाल्या, ‘थोरलीला नर्सिंगला घालायचंय. तिचे बाबा नको म्हणतात.’