एडिटिंग सॉफ्टवेअर सतत बंद पडतंय? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

लग्नाचा सीझन लागला की माझा फोन दोन कारणांनी वाजतो. एकतर कुणाला कॅमेरा भाड्याने हवा असतो, नाहीतर कुणाचं मिक्सिंग, म्हणजे व्हिडिओचं एडिटिंग, अडकलेलं असतं. दुसऱ्या फोनची सुरुवात ठरलेली: "दादा, प्रीमियर बंदच पडून रायलं जी. विंडोज नवीन टाकू का?" प्रीमियर म्हणजे एडिटिंगचं सॉफ्टवेअर.

नको टाकू. आधी सांग, कुठे पडतं? यावर पलीकडे शांतता.

आमच्या नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या एका पोराची गोष्ट सांगतो. तासाभराचा लग्नाचा व्हिडिओ होता. एक्सपोर्ट, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढणं, ४२ टक्क्यांवर गेलं की सॉफ्टवेअर गायब. एकदा नाही, पाचदा, आणि दरवेळी ४२ वरच. एकाच जागी पाच वेळा ठेच लागली तर माणूस खाली वाकून दगड बघतो. याने यूट्यूबवर कुणाचा तरी तीन मिनिटांचा व्हिडिओ बघितला आणि सी ड्राइव्हवर फॉरमॅट मारला. फुटेज डी ड्राइव्हवर होतं म्हणून वाचलं. प्रोजेक्ट फाइल होती डेस्कटॉपवर, आणि डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच. ऑटोसेव्हवर याचा फार भरवसा, पण सेटिंग बदललं नसेल तर प्रीमियर ते फोल्डर प्रोजेक्ट फाइलच्या शेजारीच बनवतं. फाइलसोबत तेही गेलं. चार दिवसांचं काम पोराने पुन्हा केलं, एक्सपोर्ट लावलं आणि ते परत ४२ वरच पडलं. तिकडे नवरीचा बाप रोज फोन करत होता.

मग पीसी उचलून माझ्याकडे आला. मी काही जादू केली नाही. टाइमलाइनवर इन-आउट, म्हणजे सुरुवात-शेवटाच्या खुणा, लावून फक्त पहिली ३० मिनिटं एक्सपोर्टला टाकली. पडलं. म्हणजे खोट पहिल्या अर्ध्यात. त्यातली पहिली १५ मिनिटं टाकली, ती नीट निघाली. म्हणजे खोट पुढच्या १५ मध्ये. असं सहा वेळा अर्धं करत गेलं की तासाचं एक मिनिट उरतं. त्या मिनिटात एक क्लिप होती, मामाच्या मोबाइलवरची. कॉपी होताना कधीतरी केबल हलली असावी. "पण दादा, व्हीएलसीत तर चालते ना!" चालणारच. व्हीएलसी फुटकी फ्रेम गिळून पुढे जातो, एडिटिंग सॉफ्टवेअर तिथेच अडून बसतं. क्लिप हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून नवीन करून घेतली, जुनीच्या जागी टाकली आणि चहा संपायच्या आत एक्सपोर्ट ५० टक्क्यांच्या पुढे गेलं. सगळं मिळून पाऊण तास. त्याचा आठवडा गेला होता.

मोबाइलचं फुटेज मी तसंही थेट टाइमलाइनवर घेत नाही. मोबाइल एका लयीत फ्रेम काढत नाही, कधी सेकंदाला ३०, कधी २७. त्यामुळे पुढे पुढे आवाज आणि ओठ वेगळे पडतात, शिवाय सॉफ्टवेअरला दम लागतो तो वेगळाच. हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून रात्री सगळ्या क्लिप लावून झोपायचं. कंटाळवाणं आहे, पण मी करतो.

आता दुसरं. नुसतं सॉफ्टवेअर बंद होतं, की अख्खा पीसीच रीस्टार्ट होतो? हे दोन वेगळे आजार आहेत आणि लोक दोन्हींवर एकच गोळी घेतात. अख्खा पीसी बसत असेल तर सॉफ्टवेअरला शिव्या देण्याआधी कॅबिनेटचं झाकण उघडा.

मे २०१३ मध्ये या शहराने ४७.९ अंश बघितलेत. इथे भर दुपारी पत्र्याच्या खोलीत फोर-केचा एक्सपोर्ट लावायचा आणि वर म्हणायचं, "पीसी हलका निघाला." इंटेलचे बरेच प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचले की स्वतःच वेग कमी करतात, आणि तरीही भागलं नाही तर पीसी जीव वाचवायला बंद होतो. तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो फुकट आहे, एक्सपोर्ट चालू असताना शेजारी उघडून आकडा बघा. माझा पीसी एका उन्हाळ्यात ९८ दाखवत होता. पंख्याच्या जाळीतून धुळीची अख्खी गोधडी निघाली, प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडू झाली होती. धूळ काढून पेस्ट नवीन लावल्यावर आकडा ८० च्या खाली आला.

आणि कृपा करून कॅबिनेट उघडं टाकून त्याच्यासमोर कूलर लावू नका! हा नागपुरी शोध मी निदान चार स्टुडिओत पाहिलाय. कूलरच्या हवेसोबत पाण्याचे तुषार येतात, पाणी बोअरचं, म्हणजे क्षार आलेच. एका मदरबोर्डवर मी पांढरी खारी बघितली आहे, अगदी कूलरच्या गवतावर धरते तशी. खोली थंड करा, पीसीवर तोंड नको.

यूपीएसही बघा. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा डबा साधारण ३६० वॉटच देतो. एक्सपोर्टला ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोघं एकदम खायला बसले, त्यात शेजाऱ्यांचे एसी सुरू होऊन व्होल्टेज पडलं, की यूपीएस 'टीं' करतो आणि सगळं काळं. लोक मात्र जाऊन एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, बदलून येतात.

नुसतं सॉफ्टवेअरच पडत असेल आणि दरवेळी वेगळ्या जागी, तर स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा. विंडोजची डायरी उघडते. लाल फुलीवर टिचकी मारली की कोणत्या फाइलपाशी पडलं ते दिसतं. नाव 'एनव्ही'पासून सुरू होत असेल तर संशय एनव्हिडियाच्या ड्रायव्हरवर. त्याचा गेमवाला 'गेम रेडी' ड्रायव्हर काढून एडिटिंगवाला 'स्टुडिओ' ड्रायव्हर टाका. प्लगइनचं, म्हणजे वरून जोडलेल्या इफेक्टवगैरेचं, नाव दिसलं तर तो प्लगइन काढा, कितीही आवडता असो.

क्रॅक टाकलेल्या कॉपीवर मी बोलत नाही. डाव्हिन्ची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती फोर-के देते, मग चोरीची कशाला? कॅमेऱ्याच्या कार्डावरून थेट एडिट करू नका. पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपुढची फाइल त्यावर मावतच नाही, तो क्रॅश नव्हे. चालू प्रोजेक्टमध्ये सॉफ्टवेअर अपडेट करू नका, लग्न देऊन मोकळे व्हा, मग करा. आठ जीबी रॅमवर फोर-के ओढणाऱ्यांनी प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या कॉपीवर एडिट करणं, शिकावी. एक दुपार लागते, पण "तेवढा वेळ नाही जी" म्हणणारी हीच पोरं नंतर तीन दुपारी विंडोज टाकण्यात घालवतात.

मला फोन करायचाच असेल तर कितव्या मिनिटाला पडलं आणि काय पडलं, हे कागदावर लिहून मग करा. आणि मे महिन्यात दुपारी बारा ते चार नको. त्या वेळात माझाही पीसी बंद असतो, एक्सपोर्ट मी पहाटे पाचला लावतो.