खालचे दानतिएन कसे शोधावे आणि त्याची साधना कशी सुरू करावी

चीनमधील चीगोंग, म्हणजे श्वास, शरीरस्थिती आणि लक्ष यांची साधना, शिकवणारे गुरू नवशिक्याचे लक्ष सर्वप्रथम ओटीपोटाकडे वळवतात, कारण तेथे त्यांच्या परंपरेतील खालचे दानतिएन असते. ‘दान’ म्हणजे हिंगूळ, ज्यापासून ताओपंथी साधक अमृत सिद्ध करू पाहत, आणि ‘तिएन’ म्हणजे शेत. जपानीत याच शब्दाचा उच्चार तानदेन असा होतो. चौथ्या शतकातील ताओपंथी विद्वान गे होंग यांनी अशी तीन स्थाने नोंदवली आहेत: नाभीखाली, हृदयाखाली आणि भुवयांच्या मध्यापासून आत. ही आपल्याकडची चक्रे नव्हेत. चक्रांची मांडणी सुषुम्नेच्या मार्गावर केलेली आहे, तर दानतिएनची कल्पना ‘ची’, म्हणजे प्राणशक्ती, साठवण्याच्या आणि मुरवण्याच्या जागेची आहे. सुरुवातीला वरच्या केंद्राच्या वाटेला जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. कपाळावर ताणून लक्ष लावले की बहुधा डोके जड होण्यापलीकडे काही हाती लागत नाही.

प्रथम जागा मोजावी. उजव्या हाताची चार बोटे जुळवून पोटावर अशी आडवी ठेवावीत की तर्जनीची वरची कड नाभीला लागेल. करंगळीची खालची कड जेथे येते, तेथे नाभीपासून 3 त्सुन (शरीरावर अंतर मोजण्याचे चिनी माप) अंतर होते. तर्जनी आणि मधले बोट एवढ्याच रुंदीवर 1.5 त्सुन भरते, आणि त्या बिंदूला ‘चीहाय’, म्हणजे चीचा समुद्र, असे नाव आहे. गे होंग यांचे माप सुमारे 2.4 त्सुन, म्हणजे या दोहोंच्या मध्ये पडते. माप स्वतःच्याच बोटांनी घ्यावे, कारण आपल्या अंगुळाप्रमाणे त्सुनही ज्याच्या त्याच्या शरीरावर ठरतो. मात्र दानतिएन त्वचेवर नसून पोटाच्या आत मानले जाते, त्यामुळे टिंबाएवढी अचूक जागा शोधत बसू नये.

मग उभे राहावे. पावले खांद्यांइतकी दूर आणि एकमेकांना समांतर असावीत, गुडघ्यांचा ताठरपणा सोडावा आणि उंच स्टुलाच्या कडेवर नुकतेच टेकल्यासारखे माकडहाड खाली सोडावे. कंबरेचा बाक थोडा सैल झाला की पोट आपोआप मोकळे होते.

आता एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवून दोन्ही ओटीपोटावर ठेवावेत आणि नाकाने नेहमीसारखा श्वास घ्यावा. श्वास घेताना तळवा किंचित पुढे सरकतो का, सोडताना मागे येतो का, एवढेच पाहावे. तळवा जागचा हलत नसेल आणि खांदे मात्र उचलले जात असतील, तर श्वास छातीतच अडकला आहे असे समजावे. अशा वेळी पोट मुद्दाम फुगवू नये; पाठीवर निजून गुडघे उभे करावेत आणि हीच हालचाल काही दिवस तेथे ओळखीची करून घ्यावी.

खरी अडचण लक्ष ठेवण्याची असते. चिनी साधक त्यासाठी ‘राखल्यासारखे, न राखल्यासारखे’ असे म्हणतात. गॅसवर दूध ठेवून भाजी चिरताना आपले निम्मे लक्ष पातेल्याकडे असते, तितकेच ओटीपोटाकडे असावे. मन भटकले तर पुढच्या उच्छ्वासाबरोबर ते परत आणावे.

पहिले काही आठवडे रोज 5 मिनिटे पुरेत, नंतर सवयीने 15 मिनिटांपर्यंत जावे. श्वास कोंडू नये. चक्कर आल्यास लगेच बसावे. गरोदरपणात, हर्निया असताना किंवा पोटाची शस्त्रक्रिया झाली असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. शरीरशास्त्रात दानतिएन नावाचा अवयव नाही. त्या जागी जाणवणारी ऊब तळव्याच्या स्पर्शाचीही असू शकते, म्हणून तिची वाट पाहत बसू नये.

शेवटी एकदम हात सोडून चालू लागू नये. तळवे एकमेकांवर चोळून नाभीभोवती काही वेळा गोलाकार फिरवावेत, दोन-तीन श्वास तसेच थांबावे आणि मगच पाऊल उचलावे.