बाहुली बोलते, पण मुलं तुमच्याकडेच बघतात? गोष्टीच्या वेळी या चुका टाळा

पहिल्यांदा मोज्याची बाहुली हातात घालून गोष्ट सांगायला बसले, तेव्हा ससा, कोल्हा, दोन झाडं, चंद्र, टोपली असा अकरा वस्तूंचा पसारा शेजारच्या पिशवीत होता. चौथ्या मिनिटाला कोल्हा सापडेना. मी पिशवीत डोकं खुपसलेलं, आणि पिशवीत आणखी काय काय आहे ते बघायला अर्धी मुलं उठून माझ्या अंगावर आलेली. गोष्ट तिथेच बारगळली. बाहुली मी मन लावून शिवली होती, पण मुलांची नजर कुठे जाईल याचा विचारच केला नव्हता. पुढच्या बहुतेक चुका याच एका गोष्टीशी येऊन थांबतात.

बाहुली छताशी गप्पा मारते

हात उंच धरला की मनगट नकळत मागे कलतं आणि बाहुली वर बघू लागते. मुलं जमिनीवर बसलेली असतात. त्यामुळे बाहुलीचं नाक आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच खाली हवं, म्हणजे मनगट पुढे वाकवलेलं हवं. आरशात हे नीट कळत नाही, कारण आरसा आपल्या उंचीवर असतो. मोबाइल जमिनीवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला टेकवून ठेवा आणि दोन मिनिटं रेकॉर्ड करा. पहिल्यांदा बघताना लाज वाटते, पण चूक लगेच दिसते.

दंड दुखायला लागला की बाहुली हळूहळू खाली घसरते, हाही त्याचाच भाऊ. कोपर मांडीवर किंवा उशीवर टेकवा.

वरचा जबडा उडतो

तोंड उघडणाऱ्या बाहुलीत चार बोटं वर, अंगठा खाली. बोलताना बहुतेक जण चार बोटं वर उचलतात, त्यामुळे प्रत्येक शब्दाला बाहुलीचं डोकं मागे पडतं आणि डोळे पुन्हा छताला लागतात. आपण स्वतः बोलताना खालचा जबडा हलवतो. तेव्हा बोटं स्थिर ठेवून फक्त अंगठा खाली न्या.

आणि किती वेळा? ‘मला भूक लागली’ हे वाक्य घ्या. लिहिताना सात अक्षरं, पण तोंडातून येतात पाच ठोके: म-ला-भूक-लाग-ली. तोंड पाच वेळा उघडलं की पुरे. आवाज निघताना तोंड उघडं, संपताना मिटलेलं. घाईत हे उलटं होतं आणि बाहुली शब्द गिळत असल्यासारखी दिसते.

तुम्ही बाहुलीकडे बघतच नाही

‘मुलं माझ्याच तोंडाकडे बघतात, ओठ लपवू का?’ असं खूपदा विचारलं जातं. लपवू नका. जपानच्या बुनराकू या पारंपरिक बाहुलीनाट्यात एका मोठ्या बाहुलीला तीन कलाकार सर्वांसमोर उभे राहून चालवतात: मुख्य कलाकाराकडे डोकं आणि उजवा हात, दुसऱ्याकडे डावा हात, तिसऱ्याकडे पाय. तरी प्रेक्षक बाहुलीच बघतात, कारण जीव तिच्यात ओतलेला असतो. बाहुली बोलत असताना तुम्ही तिच्याकडे बघा, मुलांची नजर तुमच्या नजरेमागे जाते. तुम्ही बोलताना मुलांकडे बघा आणि बाहुलीला ऐकू द्या. ऐकणारी बाहुली म्हणजे जवळजवळ न हलणारी बाहुली. फार तर एकदा मान डोलावते. सतत थरथरणारी बाहुली बघून मुलांना कोण बोलतंय तेच कळत नाही.

आवाज जमत नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: घसा ताणून चिरका आवाज काढू नका, तो तिसऱ्या वाक्याला निसटतोच. बोलण्याचा वेग बदला. नाहीतर बाहुलीला मुकी ठेवा. ती तुमच्या कानात कुजबुजेल आणि तुम्ही मुलांना सांगाल. लाजऱ्या मुलांना ही बाहुली विशेष आवडते.

मूल घाबरलं, किंवा त्याने बाहुलीला फटका दिला

लहान मुलाच्या तोंडासमोर अचानक बाहुली नेणं, हसतहसत का होईना, टाळाच. आधी बाहुलीच घाबरलेली दाखवा: ती तुमच्या काखेत तोंड लपवते, एक डोळा काढून बघते. जवळ यायचं की नाही हे मूल ठरवेल. तरी रडलं तर बाहुली काढून रिकामा हात दाखवा, आणि त्या दिवसापुरता विषय सोडा.

मारणं, ओढणं याचं मूळ पुष्कळदा आपल्यातच असतं. बाहुली गंमत म्हणून चावली की मुलंही चावतात. फटका बसलाच तर ओरडू नका, बाहुलीलाच म्हणू द्या: “आई गं, लागलं मला! हळू हात लाव ना.” बाहुली हाताळायला गोष्टीनंतर मिळेल हे सुरुवातीलाच सांगा, आणि ते पाळा.

वस्तू जास्त, गोष्ट कमी

तीन-चार वस्तू खूप झाल्या. शेवटी लागणारी पिशवीत तळाशी, पहिली वर. काम झालं की वस्तू परत आत, कारण समोर पडलेल्या चेंडूशी कुठलीच गोष्ट स्पर्धा करू शकत नाही. एक निळं कापड नदी होतं, पांघरूण होतं, वाराही होतं.

तीन वर्षांखालची मुलं असतील तर सुटे मणी-बटणं नकोत. डोळे धाग्याने भरा. टॉयलेट रोलच्या रिकाम्या नळीतून जी वस्तू पार जाते, ती त्यांच्या हाती देऊ नका. लुकलुकणाऱ्या वस्तूंमधली चपटी बटण बॅटरी तर मुळीच नको. ती गिळली गेली तर अन्ननलिकेला दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते.

गोष्टीची कापडी चित्रं चिकटवायच्या फ्लॅनेलच्या (मऊ, लवदार कापडाच्या) फळ्यावरून चित्रं गळत असतील तर फळा थोडा मागे कलता ठेवा. पडद्यावर सावल्यांचा खेळ करताना सावल्या धूसर दिसत असतील तर बाहुली दिव्यापासून दूर, पडद्याजवळ आणा.

निरोप

गोष्ट संपली म्हणून मुलांसमोर बाहुली हातातून खसकन ओढून टेबलावर टाकू नका. ती टाटा करते, जांभई देते, पिशवीत शिरते. हात आतच सोडवून घ्या.