कांद्याचे भाव दाखवणारं पेज स्क्रीन रीडरला नीट वाचता यावं म्हणून

समजा लासलगाव, पिंपळगाव बसवंत आणि नाशिकच्या बाजार समित्यांचे भाव दाखवणारं पेज बनवायचंय, आपल्याकडे असलं काम येतंच. बहुतेक जण सगळं डिव्हमध्ये (म्हणजे काहीच अर्थ न सांगणाऱ्या नुसत्या डब्यात) कोंबतात, रंगरूपासाठी सीएसएस मारतात, दिसायला भारी दिसतं. पण स्क्रीन रीडरला, म्हणजे न दिसणाऱ्यांना पेज वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, तुमच्या रंगरूपाशी देणंघेणं नसतं हो, त्याला कुठला भाग काय आहे हे सांगणारे एचटीएमएल टॅग लागतात.

आधी एचटीएमएल टॅगमधलं लँग, म्हणजे पेजची भाषा, बघा. रेडीमेड टेम्प्लेट उचललं की तिथे 'ईएन' असतं, ते 'एमआर' करा, नाहीतर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला घेतला जातो आणि मग काय ऐकू येईल ते देवालाच ठाऊक.

मग हेडिंगचे टॅग: पेजचं नाव एच१, प्रत्येक बाजार समितीचं नाव एच२. अक्षर बारीक हवं म्हणून एच५ टाकायचं नाही, साइझ सीएसएसने करा. एनव्हीडीए नावाच्या स्क्रीन रीडरमध्ये लोक एच दाबत हेडिंगवरून हेडिंगवर जातात, तुम्ही नुसतं बोल्ड करून ठेवलं तर त्यांना पिंपळगाव सापडणारच नाही.

आता खरा घोळ टेबलमध्ये होतो. डिव्हची ग्रिड केली की ऐकणाऱ्याला नुसतं १२००, १८००, १५५० ऐकू येतं, यातलं किमान कुठलं नि सरासरी कुठली? टेबल टॅगच घ्या. वरच्या ओळीत किमान, कमाल, सरासरी हे टीएच (शीर्षकाचा सेल), स्कोप कॉल, म्हणजे हे शीर्षक खालच्या कॉलमचं. डावीकडे लाल कांदा, उन्हाळ कांदा हेपण टीएच, स्कोप रो, म्हणजे त्या ओळीचं. कॅप्शनमध्ये, म्हणजे टेबलच्या नावात, तारीख आणि 'रुपये प्रति क्विंटल' लिहा. मग कंट्रोल-ऑल्ट आणि उजवा बाण दाबला की 'कमाल, १८००' असं ऐकू येतं. पेजचा लेआउट करायला मात्र टेबल नको, तो जमाना गेला.

'भाव बघा' हे बटन, बटन टॅग वापरूनच करा. डिव्हला ऑनक्लिक लावलं तर टॅब कीने तिथे पोचताच येत नाही, 'हे बटन आहे' सांगणारं रोल बटन चिकटवलं तरी एंटर, स्पेस, फोकस सगळं हाताने लिहावं लागतं, आयतं मिळतंय ते सोडून कशाला? दुसऱ्या पेजवर न्यायचं असेल तर लिंक, इथेच काही करायचं असेल तर बटन. तारखेच्या बॉक्सला लेबल हवंच, बॉक्सच्या आतल्या फिकट मजकुरावर (प्लेसहोल्डरवर) भागवू नका. मेनू, मुख्य मजकूर आणि तळाचा भाग ओळखू यावा म्हणून नॅव्ह, मेन, फुटर हे टॅग लावायला दोन मिनिटं लागतात.

क्लायंटला पाठवायच्या आधी माऊस बाजूला ठेवून टॅबवर पूर्ण पेज फिरा. एनव्हीडीए फुकट आहे, विंडोजवर टाका, इन्सर्ट-एफ७ दाबलं की हेडिंग आणि लिंकची यादी येते, त्यात तिन्ही समित्या दिसल्या पाहिजेत.