ईसीजीत व्ही-१ ते व्ही-६ थरथरतात, दोष मात्र हाताच्या क्लॅम्पमध्ये: माझा अनुभव

दादरच्या दवाखान्यात मी ईसीजी काढतो. पावसाळ्यात छातीच्या सहाही लीडमध्ये (व्ही-१ ते व्ही-६ या रेघांमध्ये) बारीक कंगवा उमटू लागला, कागदाच्या मोठ्या चौकोनात (०.२ सेकंदात) बरोबर १० दाते, म्हणजे विजेचे ५० हर्ट्झ. पंखा बंद केला, पलंग भिंतीपासून सरकवला, छातीला चिकटवायचे रबरी बल्ब बदलले, उजव्या पायाच्या काळ्या वायरचं अर्थिंग पाहिलं. आठवडाभर पेशंटसमोर ओशाळलो.

चूक अशी की मी छातीच धुंडाळत होतो. व्ही लीडचा संदर्भबिंदू दोन्ही हात आणि डावा पाय यांच्या सरासरीतून बनतो. त्यातला एक बिघडला की सहाही बिघडतात.

विजेची थरथर लपवणारा मशीनचा फिल्टर बंद करून पट्टी काढली. लीड १ दोन्ही हातांमधली, २ उजवा हात आणि डावा पाय यांमधली, ३ डावा हात आणि डावा पाय यांमधली. लीड १ आणि २ खराब, ३ स्वच्छ. तिसऱ्यात उजवा हात नसतोच, म्हणजे दोष उजव्या हाताच्या लाल वायरच्या बाजूला. मग वायरी तशाच ठेवून दोन्ही हातांचे क्लॅम्प (मनगटाला लावायचे धातूच्या पत्र्याचे चिमटे) आपसांत बदलले. आता १ आणि ३ खराब, २ स्वच्छ. वायर निर्दोष, कातडी निर्दोष, क्लॅम्पच चोर!

पिन बसते त्या भोकात वाळलेल्या जेलीची हिरवट खपली होती. स्पिरिटमध्ये भिजवलेली कापसाची काडी फिरवून ती काढली, पूर्ण वाळू दिलं, ढिला स्क्रू आवळला. पत्र्याची आतली बाजू फक्त ओल्या गॉझने पुसली. काचकागद लावू नका, मुलामा जातो. पेशंटचं मनगट स्पिरिटने पुसून कोरडं केलं, ताजी जेली, क्लॅम्प. फिल्टर बंद ठेवूनच पुन्हा पट्टी काढली: रेघ स्वच्छ, कंगवा गायब.